फ्रेंच खासदाराची राजकीय कारकीर्द कशी अभ्यासावी आणि कशी लिहावी

फ्रान्सच्या एखाद्या खासदारावर मराठीत विश्वकोशीय नोंद, परिचयलेख किंवा अभ्यासाचे टिपण लिहायचे झाले, की बहुतेक लेखक त्याने भूषवलेल्या पदांची यादी समोर ठेवतात आणि ती कालक्रमाने वाक्यांत गुंफून मोकळे होतात. आपल्याकडच्या खासदाराच्या बाबतीत ही पद्धत कशीबशी निभावून जाते, कारण पदांमागचे नियम वाचकाला ठाऊक असतात. फ्रान्सच्या बाबतीत मात्र ती हमखास फसते. तिथे एकच व्यक्ती एकाच वेळी खासदार, नगराध्यक्ष आणि पक्षाची प्रमुख असू शकत होती. मंत्री झालेल्या माणसाला खासदारकी सोडावी लागत होती आणि आजही लागते. शिवाय राष्ट्राध्यक्ष मनात आणील तेव्हा सभागृह बरखास्त होऊन सगळ्यांच्याच कारकिर्दीला अवेळी वळण मिळू शकते. म्हणून निवडणुकांच्या तारखा आणि मतदारसंघ आधी मांडावेत आणि पदे त्यानंतर त्या चौकटीत बसवावीत, असे माझे मत आहे.

ही पद्धत दाखवण्यासाठी मी फ्रांस्वा ओलांद यांचे उदाहरण घेतो. मराठी वाचकाला ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष म्हणून, २०१६ च्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून आणि त्याच वर्षी झालेल्या राफेल करारामुळे ठाऊक आहेत. परंतु ते राष्ट्राध्यक्ष होते पाच वर्षे, तर कोरेझ या ग्रामीण जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी आहेत वीस वर्षांहून अधिक काळ, आणि २०२४ पासून ते पुन्हा त्याच सभागृहात साध्या सदस्याच्या बाकावर बसतात.

सभागृह आणि तारखा

पहिली खातरजमा सभागृहाची करावी. फ्रेंच संसदेची दोन सभागृहे आहेत. राष्ट्रीय सभेत ५७७ सदस्य असून ते थेट जनतेकडून पाच वर्षांसाठी निवडले जातात, तर सिनेटचे ३४८ सदस्य प्रामुख्याने नगरपालिकांच्या प्रतिनिधींकडून अप्रत्यक्षपणे सहा वर्षांसाठी निवडले जातात आणि त्यांपैकी साधारण निम्मे दर तीन वर्षांनी बदलतात. नुसते ‘संसद सदस्य’ असे लिहिल्यास यांपैकी नेमके कोण, हे कळत नाही. युरोपीय संसदेचे सदस्यत्व हे तिसरेच प्रकरण आहे, आणि ओलांद यांच्याबाबत त्याचीही नोंद घ्यावी लागते, कारण १९९९ मध्ये ते त्या संसदेवर निवडून आले आणि दोन्ही जागा एकदम ठेवता येत नसल्याने वर्ष सरण्याआधीच त्यांनी ती सोडली.

त्यानंतर कोऱ्या कागदावर त्या व्यक्तीने लढवलेल्या संसदीय निवडणुका, जिंकलेल्या आणि हरलेल्याही, ओळीने लिहाव्यात, आणि प्रत्येक वर्षापुढे ती निवडणूक मुदत संपल्यामुळे झाली की सभागृहाच्या बरखास्तीमुळे, याची खूण करावी. सध्याच्या, म्हणजे १९५८ च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमानुसार राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रीय सभा बरखास्त करता येते. मात्र त्यानंतर होणाऱ्या निवडणुकीपासून वर्षभर तो अधिकार पुन्हा वापरता येत नाही. हा अधिकार आतापर्यंत १९६२, १९६८, १९८१, १९८८, १९९७ आणि २०२४ असा सहा वेळा वापरला गेला आहे.

ओलांद यांचा कागद असा दिसतो: १९८१ मध्ये उसेल मतदारसंघात पराभव, १९८८ मध्ये त्युल शहराच्या मतदारसंघातून विजय, १९९३ मध्ये तिथेच पराभव, १९९७, २००२ आणि २००७ मध्ये विजय, २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद, २०२४ मध्ये पुन्हा विजय. आता खुणांकडे पाहावे. त्यांचा पहिला प्रयत्न आणि सभागृहातले तिन्ही प्रवेश, म्हणजे १९८१, १९८८, १९९७ आणि २०२४, या चारही निवडणुका बरखास्तीनंतरच्या आहेत. १९८१ आणि १९८८ ची बरखास्ती त्यांच्याच समाजवादी पक्षाचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मित्तराँ यांनी केली होती. १९९७ ची बरखास्ती केली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी, आपले बहुमत भक्कम करण्याच्या हेतूने. झाले उलटेच, डावी आघाडी जिंकली, लिओनेल जोस्पँ पंतप्रधान झाले आणि ओलांद सभागृहात परतले. २०२४ ची बरखास्ती केली इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी, जे एकेकाळी ओलांद यांच्याच सरकारात अर्थमंत्री होते. पदांच्या यादीत हे सूत्र कुठेच दिसत नाही. तारखांपुढे खुणा केल्या की ते आपोआप वर येते.

ज्या वर्षी उमेदवार हरला, ते वर्ष अनेक परिचयलेखांत गाळले जाते. माझ्या मते त्याच नोंदी सर्वांत जास्त सांगतात. १९८१ मध्ये ओलांद सव्वीस वर्षांचे होते, जन्माने नॉर्मंडीतल्या रुआँ शहराचे, आणि प्रशासकीय महाविद्यालयातून नुकतेच लेखापरीक्षण न्यायालयात रुजू झालेले. आपल्याकडे ज्याला ‘बाहेरचे पार्सल’ म्हणतात, तसेच ते कोरेझमध्ये उतरले होते, आणि तेही थेट जाक शिराक यांच्यासमोर. शिराक पहिल्याच फेरीत निवडून आले. परंतु हरलेला उमेदवार जिल्हा सोडून गेला नाही. १९८३ मध्ये तो उसेलच्या नगरपालिकेत सदस्य झाला. पुढच्या चाळीस वर्षांची मुळे या दोन ओळींत आहेत.

मतदारसंघाचा नकाशा

फ्रान्समध्ये मतदारसंघांना नाव नसते, जिल्हा आणि क्रमांक असतो, आणि क्रमांक तोच राहून सीमा मात्र बदलू शकतात. १९८६ ची निवडणूक तर जिल्हानिहाय प्रमाणशीर पद्धतीने झाली, त्यामुळे त्या वर्षी क्रमांकाचे मतदारसंघच नव्हते. २०१० च्या पुनर्रचनेत कोरेझचे तीन मतदारसंघ दोन झाले आणि हा बदल २०१२ पासून लागू झाला. ओलांद १९८८ मध्ये ‘कोरेझ १’ मधून निवडून आले आणि २०२४ मध्येही ‘कोरेझ १’ मधूनच, पण हे दोन भूभाग एक नाहीत. आजच्या पहिल्या मतदारसंघात त्युलबरोबर उसेलही येते, म्हणजे ज्या गावाने १९८१ मध्ये शिराक यांना पसंती दिली, तेथील मतदार २०२४ मध्ये ओलांद यांच्याच मतदारसंघात होते. लेखात केवळ क्रमांक देऊन भागत नाही. कोणते मुख्य गाव त्या वर्षी त्या मतदारसंघात होते, ते लिहावे.

मधल्या काळात ती जागा कोणाकडे होती, हेही एका वाक्यात सांगावे. ओलांद यांच्यानंतर २०१२ मध्ये उझेर्शच्या नगराध्यक्ष सोफी देस्यू या समाजवादी पक्षाच्या उमेदवार तिथून निवडून आल्या. २०१६ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये ती जागा मॅक्रॉन यांच्या पक्षाकडे गेली आणि २०२२ मध्ये उजव्या रिपब्लिकन पक्षाचे फ्रांसिस द्युबवा निवडून आले. दहा वर्षांत तीन पक्षांनी पाहिलेली जागा असे लिहिले, की २०२४ च्या विजयाचे वजन वाचकाला नीट जोखता येते.

मतांची टक्केवारी देताना

निवडणूक दोन फेऱ्यांत होते, आणि टक्केवारी कोणत्या फेरीची हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी असतो. पहिल्या फेरीत जिंकण्यासाठी वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते हवीतच, शिवाय ती मते नोंदणीकृत मतदारांच्या किमान पंचवीस टक्के इतकी असावी लागतात. तसे कोणी न ठरल्यास पुढच्या रविवारी दुसरी फेरी होते. त्यात पहिले दोन उमेदवार तर जातातच, पण नोंदणीकृत मतदारांच्या किमान साडेबारा टक्के मते मिळवणारा तिसरा किंवा चौथाही जाऊ शकतो.

इथे एक बारकावा आहे, जो मराठी बातम्यांत अनेकदा निसटतो. साडेबारा टक्के ही अट झालेल्या मतदानाच्या नव्हे, नोंदणीच्या प्रमाणात मोजली जाते. म्हणजे निम्म्याच लोकांनी मतदान केले, तर तिसऱ्या उमेदवाराला झालेल्या मतांपैकी पंचवीस टक्के मिळवावी लागतात. दोन तृतीयांश लोकांनी मतदान केले, तर एकोणीस टक्क्यांच्या आत काम भागते. २०२४ मध्ये मतदान दोन तृतीयांशांच्या आसपास गेले आणि त्यामुळे तीनशेहून अधिक मतदारसंघांत तिरंगी दुसऱ्या फेरीची शक्यता निर्माण झाली. अतिउजव्या राष्ट्रीय रॅलीला रोखण्यासाठी अनेक ठिकाणी तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी माघार घेतली आणि तिरंगी लढती शंभराच्या आत आल्या.

कोरेझमध्ये मात्र माघार झाली नाही. ओलांद, राष्ट्रीय रॅलीच्या उमेदवार आणि मावळते खासदार द्युबवा असे तिघे ७ जुलै २०२४ च्या दुसऱ्या फेरीत उतरले आणि ओलांद सुमारे ४३ टक्के मतांवर विजयी झाले. पहिल्या फेरीत ते सुमारे ३७ टक्क्यांवर आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीत सर्वाधिक मते मिळणे पुरेसे असते, निम्म्याची अट नसते. तेव्हा ४३ टक्के हा आकडा एकटाच दिला, तर वाचक त्याला ‘निम्म्याहून कमी लोकांचा पाठिंबा’ समजेल, आणि तिरंगी लढतीचा उल्लेख केला, तर तो योग्य अर्थ लावील. दुहेरी लढतीतल्या, समजा, ५३ टक्क्यांशी त्याची तुलना तर अजिबात करू नये.

अनेक पदे आणि एक खुर्ची

फ्रेंच राजकारणाचा जो गुणधर्म परकीय लेखकाला सर्वांत चकवतो, तो म्हणजे पदांची बेरीज. खासदाराने आपल्या गावचा नगराध्यक्ष किंवा जिल्हा परिषदेचा अध्यक्षही असणे ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली रीत होती. शिराक हे तर टोकाचे उदाहरण: कोरेझचे खासदार असताना ते पॅरिसचे महापौर होते, आणि १९८६ ते १९८८ या काळात पंतप्रधान असतानाही त्यांनी महापौरपद सोडले नाही. ओलांद यांची बेरीज त्यामानाने साधी, पण तीही भारदस्त आहे. १९९७ ते २००८ ते समाजवादी पक्षाचे प्रथम सचिव, म्हणजे पक्षप्रमुख होते. त्याच काळात खासदार होते. २००१ ते २००८ त्युलचे नगराध्यक्ष होते. आणि २००८ ते २०१२ कोरेझ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, हेही खासदार असतानाच. ही पदे एकाखाली एक लिहिली, तर वाचकाला वाटते की माणूस एक पद सोडून दुसरे घेत गेला. त्यांचे कालपट्टे शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या वर्षी किती पदे एकत्र होती, हे वाक्यात स्पष्ट लिहिले पाहिजे.

या बेरजेवर १९८५ आणि २००० च्या कायद्यांनी मर्यादा आणल्या, परंतु खरी तोड फेब्रुवारी २०१४ च्या कायद्याने झाली. त्यानुसार २०१७ च्या निवडणुकीपासून राष्ट्रीय सभेच्या सदस्याला नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, जिल्हा किंवा प्रदेश परिषदेचा अध्यक्ष अशी स्थानिक कार्यकारी पदे ठेवता येत नाहीत; साधे नगरसेवकपद ठेवता येते. हा कायदा ओलांद यांच्याच राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात झाला, म्हणजे स्वतः अकरा वर्षे दुहेरी पदे सांभाळलेल्या नेत्याने ती वाट पुढच्यांसाठी बंद केली. त्यामुळे २०१७ नंतर ‘नगराध्यक्षपदाचा राजीनामा’ असे कुठे आढळले, तर त्यामागे वाद किंवा नाराजी शोधत बसू नये. बहुधा खासदार झाल्यावर कायद्याने ते पद सोडावे लागलेले असते.

खंड पडलेला दिसला तर

एखाद्या खासदाराच्या कारकिर्दीत मध्येच काही महिने रिकामे दिसले, की त्याची कारणे साधारणतः चार असतात, आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो. खासदार मंत्री झाला असेल, तर घटनेच्या तेविसाव्या कलमामुळे त्याला एका महिन्यात खासदारकी सोडावी लागते, कारण फ्रान्समध्ये मंत्री आणि खासदार एकच व्यक्ती असू शकत नाही. अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही. प्रत्येक उमेदवार आपल्याबरोबर एक पर्यायी उमेदवार घेऊन लढत असतो, त्याचे नाव मतपत्रिकेवर असते, आणि तो जागा भरतो. खासदाराचा मृत्यू झाला तरी हाच पर्यायी उमेदवार येतो. साधा राजीनामा दिला असेल, तर मात्र पोटनिवडणूक होते. माजी पंतप्रधान मानुएल व्हाल्स यांनी २०१८ मध्ये बार्सिलोनाच्या महापौरपदासाठी लढायला खासदारकी सोडली, तेव्हा त्यांच्या एसोन जिल्ह्यातील जागेसाठी अशीच निवडणूक झाली. चौथे कारण म्हणजे घटना परिषदेने, म्हणजे निवडणुकांचे वाद निकाली काढणाऱ्या घटनात्मक संस्थेने, निवडणूक रद्द ठरवणे, आणि त्यातही फेरमतदान होते.

मंत्रिपदाच्या बाबतीत काळाचे भान ठेवावे. २००८ च्या घटनादुरुस्तीपूर्वी मंत्री झालेला खासदार आपली जागा कायमची गमावत असे आणि परत यायचे तर नवी निवडणूक लढवावी लागे. शिराक ऑगस्ट १९७६ मध्ये पंतप्रधानपदावरून पायउतार झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पोटनिवडणूक जिंकून सभागृहात परतले, ते या जुन्या नियमामुळे. आता मंत्रिपद सुटल्यावर महिन्याभराने जागा आपोआप परत मिळते. ओलांद यांना हे प्रकरण कधीच लागू झाले नाही, कारण राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी ते एकदाही मंत्री झाले नव्हते. इतक्या वरिष्ठ नेत्याबाबत ही बाब विशेष असल्याने ती नोंदीत आवर्जून यावी.

सभागृहातले काम

खासदार ज्या पक्षाचा, त्याच संसदीय गटाचा असेल असे धरून चालू नये. गट स्थापण्यासाठी किमान १५ सदस्य लागतात. काही सदस्य पूर्ण सदस्य न होता गटाशी केवळ संलग्न राहतात, आणि काही कोणत्याच गटात नसतात. व्हाल्स २०१७ मध्ये मॅक्रॉन यांच्या गटाशी असेच संलग्न झाले होते. लेखात पक्ष आणि गट ही दोन वेगळी वाक्ये असावीत. स्थायी समित्या आठ आहेत आणि एका खासदाराला एकाच समितीत बसता येते, त्यामुळे समितीची निवड त्याचा कल दाखवते. १९८८ ते १९९३ या पहिल्या खेपेत ओलांद अर्थ समितीत होते. २०२४ मध्ये त्यांनी परराष्ट्र व्यवहार समिती निवडली. लेखापरीक्षण न्यायालयातून आलेला तरुण आणि पाच वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिलेला ज्येष्ठ सदस्य, यांतले अंतर या दोन निवडींत दिसते.

मतदानाच्या नोंदी पाहताना सर्वाधिक काळजी अविश्वास प्रस्तावाच्या वेळी घ्यावी. त्या प्रस्तावात फक्त बाजूने पडलेली मते मोजली जातात. विरोधात मतदानाची सोयच नसते, आणि गैरहजर राहणारा सरकारला वाचवणाऱ्यांत जमा होतो. सामाजिक सुरक्षेचा अर्थसंकल्प मतदानाविना मंजूर करून घेण्यासाठी पंतप्रधान मिशेल बार्निए यांच्या सरकारने घटनेच्या एकोणपन्नासाव्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आधार घेतला, त्याविरुद्धचा प्रस्ताव ४ डिसेंबर २०२४ रोजी ३३१ मतांनी मंजूर झाला आणि सरकार पडले. ओलांद यांनी त्या प्रस्तावाच्या बाजूने मत दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान फ्रांस्वा बायरू यांच्या सरकारविरुद्ध असेच प्रस्ताव आले, तेव्हा समाजवादी गटाने त्यांना पाठिंबा न देण्याचे ठरवले आणि सरकार टिकले. अशा दिवशी यादीत एखाद्या खासदाराचे नाव नसणे ही त्याची राजकीय भूमिका असते, त्याला आळशी म्हणून हिणवणारे वाक्य लिहू नये. उलट, एरवीच्या कायद्यांवरची बरीचशी मते हात वर करून घेतली जातात आणि त्यांत नावांची नोंदच राहत नाही, म्हणून ‘अमुक टक्के मतदानांना हजर’ असे आकडे कामाचे माप म्हणून वापरू नयेत.

आधार कुठे शोधावा

राष्ट्रीय सभेच्या संकेतस्थळावर ‘सिकोमोर’ नावाचा संग्रह असून त्यात १७८९ पासूनच्या सदस्यांच्या नोंदी आहेत. सदस्यत्वाच्या नेमक्या तारखा तिथूनच घ्याव्यात, वृत्तपत्रांतून नव्हे. निकालांचे आकडे गृहमंत्रालय प्रसिद्ध करते, आणि निवडणूक रद्द झाल्याचे निर्णय घटना परिषदेच्या संकेतस्थळावर कारणांसह मिळतात. हितसंबंधांची माहिती सार्वजनिक जीवनातील पारदर्शकतेसाठीच्या उच्च प्राधिकरणाकडे असते. ही संस्थाही ओलांद यांच्याच काळात, अर्थसंकल्पमंत्री जेरोम काह्युझाक यांच्या परदेशातील गुप्त खात्याच्या प्रकरणानंतर, २०१३ मध्ये कायद्याने स्थापन झाली. खासदारांची हितसंबंधांची घोषणापत्रे ऑनलाइन वाचता येतात. मालमत्तेची मात्र तिथल्या मतदाराला जिल्हा प्रशासनाच्या कार्यालयात जाऊनच पाहता येतात, आणि त्यांतला मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तेव्हा एखाद्या खासदाराच्या संपत्तीचा नेमका आकडा कुठे छापलेला दिसला, तर तो कुठून आला याची विचारपूस केल्याशिवाय उचलू नये. मंत्र्यांची मालमत्ता ऑनलाइन प्रसिद्ध होते, त्यामुळे खासदार कधी मंत्री राहिला असेल, तर असा आकडा अधिकृत असू शकतो.

भारतातून लिहिणाऱ्याला सरावासाठी जवळचा मतदारसंघही उपलब्ध आहे. २०१२ पासून परदेशस्थ फ्रेंच नागरिकांसाठी अकरा मतदारसंघ आहेत आणि भारतात राहणारे फ्रेंच नागरिक, मग ते पुदुच्चेरीचे असोत वा मुंबई-पुण्याचे, अकराव्या मतदारसंघात मोडतात, ज्यात आशियाचा मोठा भाग, ओशिआनिया आणि रशिया येतात. तिथल्या खासदार आन जनते २०१७ पासून निवडून येत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या, त्यांची जागा पर्यायी उमेदवाराने घेतली, आणि बार्निए सरकार पडल्यावर ती त्यांच्याकडे परतली. वर सांगितलेल्या पद्धतीने त्यांचा कागद मांडून पाहावा: तीन निवडणुका, त्यांपैकी एक बरखास्तीनंतरची, आणि काही महिन्यांचा एक खंड, ज्याचे कारण आता ओळखता येईल.